धुक्यातली बांग

फार पूर्वी, गलबतं वाऱ्यावर चालत त्या काळी, एका खाडीच्या काठी एक गाव होतं. पलीकडच्या काठावर अरबांची वस्ती होती. घोडे विकायला आलेले खलाशी तिथेच राहिले, तिथेच त्यांना नातवंडं झाली. पहाटे गावात शंख वाजे आणि पलीकडे बांग होई.

एकदा दाट धुक्यात गावची एक होडी गेली, ती परतलीच नाही. नुसतं एक वल्हं काठाला लागलं.

गावचा खोत दुलबाजी गरजला, "ही त्या बांगेची करणी! ती जातच तसली. माणसं बोलावून बुडवतात."

त्याची म्हातारी आई म्हणाली, "दुलबा, गेल्या साली आपल्या तांडेलानं दारू पिऊन होडी बुडवली. तेव्हा तू म्हणालास, एक माणूस चुकला. मग त्या अरबांची सगळी जात कशी रे वाईट? आणि त्यांनी केलंय तरी काय?"

"ते वेगळे, आई. तुला नाही कळायचं."

खोत काठ्या घेतलेली माणसं घेऊन बांग बंद करायला पलीकडे गेला. बांग देणारे म्हातारे इद्रीसमियाँ शांतपणे म्हणाले, "बंद करतो, खोतबाबा. पण धुक्यात तुमच्या होड्या शंख आणि बांग यांच्या मधून वाट काढतात. एका आवाजानं दिशा कळत नाही."

खोत हसला. थोड्याच दिवसांत त्या काठ्यांच्या धाकानं सगळी वस्ती गलबतात बसून निघून गेली.

पुन्हा धुकं उतरलं, तेव्हा खोत धाकट्या भावाबरोबर समुद्रावरून परतत होता. शंख वाजला. आधी डावीकडून, मग उजव्या कड्यातून, मग पाठीमागून. जणू पाण्याखालचे बुडालेलेच फुंकत होते.

"दादा, कुठं वल्हवू?" भावानं विचारलं.

खोत जीव तोडून ओरडला, "मियाँ, बांग द्या!"

कड्यांतून त्याचाच आवाज परत आला. बांग द्या... बांग द्या... होडी खडकावर फुटली.

खोत शुद्धीवर आला तो पलीकडच्या काठावर. दारं उघडी होती, चुली थंड होत्या. भाऊ सापडला नाही.

गाव म्हणालं, "जाताना अरबांनी शाप दिला."

"नाही," खोत म्हणाला, "भावाला मी मारलं."

कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून धुकं पडलं की तो त्या ओस काठावर उभा राहून बांगेच्या जागी होड्यांना हाका मारी. आणि होडीतली माणसं कुजबुजत, "तिकडून भूत बोलावतंय," आणि वल्ही उलटी मारत खडकांकडे जात.

तात्पर्य : आपल्याला एक माप आणि परक्याला दुसरं लावणारा शेवटी स्वतःचीच होडी बुडवतो.