पलीकडचा वास

मधमाश्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका जांभळाच्या ढोलीत त्यांचं मोहोळ होतं. त्यातली एक माशी वादळात सापडली आणि पलीकडच्या झाडावरच्या मोहोळात आसऱ्याला थांबली.

परतताना तिला वणवा दिसला. ढोलीच्या तोंडाशी तिची सख्खी बहीण पहाऱ्यावर होती.

"ताई, वणवा येतोय. सगळ्यांना बाहेर काढ!"

"तुझ्या अंगाला त्या पलीकडच्यांचा वास येतोय."

"अगं, वर उडून बघ तरी!"

पण ताईची नांगी विचाराच्या आधीच उठली होती. धाकटी खाली पडली, मग ताईला कारण सुचलं, "ही आपल्याला घाबरवून मध लुटायला आली होती." ते ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं.

तिन्हीसांजेला ढोलीत धूर भरला. मग सगळ्यांच्याच अंगाला एकच वास येऊ लागला.