लसीच्या फ्रिजची पिन

एका डोंगरावर एक पाडा होता. सरकारी कागदावर तिथे वीज पोचली होती; पाड्यावर मात्र नुसते खांब पोचले होते, तारा नाहीत. ही लबाडी चव्हाट्यावर आणायची म्हणून श्रीरंग नावाचा एक चित्रपटवाला कॅमेरा घेऊन शहरातून चढून आला. त्याचा राग खरा होता. बॅटऱ्या मात्र दुसऱ्याच दिवशी संपत आल्या.

पाड्यात वीज एकाच ठिकाणी होती. आरोग्य केंद्राच्या पत्र्यावर सौर पॅनेल होतं, आत रात्रीपुरती वीज साठवणारी बॅटरी होती आणि त्यावर लसीचा छोटा फ्रिज चालायचा. सॉकेट एकच. श्रीरंगचा मुक्कामही तिथेच होता.

नर्स वनमालाताई लांबच्या वस्त्यांवर निरोप द्यायला निघाल्या. उद्या गोवराची लस होती, आणि मागच्या साली गोवराने पाड्यातली पोरं नेली होती. त्या परतणार होत्या थेट सकाळी. जाताना म्हणाल्या, "दादा, फ्रिजच्या एवढ्या पिनेला हात लावू नका. बॅटरी भरायची तर खाली जीपपाशी जा."

"छे हो ताई, कळतं की मला!"

पण जीप नदीपलीकडे, लांब उतारावर. आणि उद्याचं लसीकरण तर टिपायचंच होतं. दुपारी कॅमेऱ्यावरची लाल खूण लुकलुकू लागली, तशी त्याने पिन काढली आणि चार्जर लावला. थोडाच वेळ, तो स्वतःला म्हणाला. एक बॅटरी भरली. मग वाटलं, अजून एक. पत्रा तापून खोलीची भट्टी झाली होती. फ्रिज गार आहे ना, या धास्तीने तो सारखा दार उघडून बघत राहिला आणि दर वेळी आतला गारवा बाहेर जात राहिला. दिवेलागणीला त्याने लसीच्या बाटलीला हात लावला. कोमट. त्याने घाईघाईने पिन परत लावली.

सकाळपर्यंत फ्रिज पुन्हा गार झाला. ताईंनी आतला तापमापक पाहिला आणि मान डोलावली. श्रीरंगला हायसं वाटायला हवं होतं. पण एकदा कोमट झालेली लस पुन्हा गार करून सुधारत नसते, हे त्याला माहीत होतं.

बाया नदी उतरून आल्या. सगळ्यांत पुढे रमशीबाई. गोवराने नेलेल्यांत तिचा थोरला होता; कडेवर धाकटा. कॅमेरा बघून ती हसली. "नीट काढ रे दादा. मोठा झाला की दाखवीन त्याला, कसा भोकाड पसरत होतास म्हणून."

ताईंनी सुई भरली. कॅमेरा सुरू होता. चित्र फार सुंदर येत होतं. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं?

"ताई, थांबा!" श्रीरंग कॅमेऱ्यामागून ओरडला. "काल मी पिन काढली होती. दुपारभर."

ताईंनी सुई खाली ठेवली.

"लस बिघडली का?" रमशीबाईने विचारलं.

"बिघडली की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, बाई. म्हणून टाकायची."

"आणि हा बोललाच नसता तर?"

"तर तू निर्धास्त घरी गेली असतीस."

श्रीरंगचा हात कॅमेरा बंद करायला गेला.

"बंद कशाला करता?" ताई कडाडल्या. "आमची दैना सगळी टिपलीत ना? आता त्याचं तोंड स्वतःकडे वळवा आणि मघाशी बोललात ते परत बोला. ते सरकारी लोक शहरात बसून आमची वीज खातात. तुम्ही इथवर चढून येऊन खाल्लीत!"

त्याने कॅमेरा वळवला आणि सगळं सांगितलं. आवाज मध्येच फुटला. बॅटरी मात्र शेवटपर्यंत पुरली.

मग लसीची रिकामी पेटी खांद्याला अडकवून तो नवी लस आणायला डोंगर उतरू लागला. बाकीच्या बाया परतल्या. रमशीबाई धाकट्याला छातीशी धरून नव्या लसीची वाट बघत केंद्राच्या ओट्यावरच बसून राहिली.

तात्पर्य: दुसऱ्यांच्या अंधाराचा जाब विचारायला निघालेल्याने, आपण त्यांच्याकडून काय काढून घेतलं, ते आधी स्वतःच्या तोंडाने सांगावं.