शिवेवरचे जंगल

हिवरगडच्या रणधीरराजांना जंगल हवे होते. शेजारच्या राजाने त्यांना शिकारीला बोलावले, वाघ दाखवला आणि निरोप देताना विचारले, "आता आम्ही आपल्याकडे कधी येऊ?" हिवरगडात शिकार करण्याजोगा प्राणी म्हणजे ससा, आणि तोही उसातला! राजे परत आले ते हट्ट घेऊनच.

"राज्यात कुठे कुठे जंगल लावता येईल, त्याचा नकाशा करा! योग्य जागा हिरव्या रंगवा!"

दिवाण त्र्यंबकपंत नकाशा आणि रंगाची वाटी घेऊन गावोगाव निघाले. कामाची पद्धत त्यांनी सोपी ठेवली होती. गावात पोचले की पाटलाला विचारायचे, "जंगलाला योग्य जागा कुठली?" पाटील त्यांना पुरणपोळी वाढून म्हणायचा, "आमच्यात कुठली, पंत? पुढच्या गावात बघा. झकास जमीन आहे!" पंत ढेकर देऊन पुढच्या गावी जायचे.

असे करत ते टोकवाडीला पोचले. टोकवाडीच्या पुढे नदी, आणि नदीपलीकडे दुसऱ्याचे राज्य. टोकवाडीच्या पाटलाला बोट दाखवायला पुढचे गावच नव्हते! पंतांनी पोळी खाल्ली आणि अख्खी टोकवाडी हिरवी करून टाकली. घरे, शेते, देऊळ, पाणवठा, काही सोडले नाही. रंग पुरला म्हणून त्यांना समाधानही वाटले.

दवंडी पिटली गेली : दिवाळीच्या आत गाव रिकामे करा!

टोकवाडीच्या पाटलाने अंथरूण धरले. येसू कासारणीने मात्र बांगड्यांची टोपली उचलली आणि राजवाडा गाठला. राणीसाहेबांना बांगड्या भरायला ती नेहमी येई, त्यामुळे देवडीवर तिला कोणी अडवले नाही. आज ती जनानखान्याकडे न वळता सरळ दरबारात शिरली.

"महाराज, टोकवाडीत माणसं राहतात!"

"आता झाडे राहतील," राजे म्हणाले.

"झाडं लावा की! पण जागा चुकली."

राजांच्या मिशा थरथरल्या. "चुकली? मग बरोबर जागा तू दाखव! पण नीट ऐक. तिथे कोणाचे घर नको, कोणाचे पीक नको. कोणत्याही पाटलाची कुरकुर माझ्या कानावर येता कामा नये. राखणीला मी एक शिपाई देणार नाही, आणि तरी झाडाची एक काटकी तुटता कामा नये! उद्यापर्यंत अशी जागा दाखवलीस तर टोकवाडी वाचली. नाही तर दिवाळीची वाट न पाहता गाव उठवीन!"

त्र्यंबकपंत मिशीत हसले.

"उद्या कशाला?" येसू म्हणाली. "तो नकाशा अन् रंग द्या इकडे."

तिने कुंचला बुडवला. गावांना हातही न लावता ती गावागावांच्या शिवांवरून जाड हिरव्या रेघा ओढत सुटली.

"हे काय चालवलेय?" पंत ओरडले.

"गावांना चुडा भरतेय, पंत!" येसू म्हणाली. "महाराज, दोन गावांच्या मधला पट्टा असतो ना, हा म्हणतो माझा, तो म्हणतो माझा. ह्यानं पेरलं की तो गुरं सोडतो. त्यानं पेरलं की हा सोडतो. आजोबांच्या काळापासून तिथं कुसळाशिवाय काही उगवलेलं नाही. मी गावोगाव फिरते. बांगडी मनगटात जायच्या आधी बाया मला शिवेचं भांडण सांगतात! तिथं ना घर, ना पीक."

"आणि पाटील? कुरकुर करणार नाहीत?"

"बाहेर शिवेच्याच कज्ज्यासाठी दोघं बसलेत, पिंपळोलीचे अन् देवहाळ्याचे. त्यांनाच विचारा."

दोन्ही पाटील आत आले, पण एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"पाटील," येसूने पिंपळोलीकराला विचारले, "शिवेवरच्या पट्ट्यात सरकार जंगल लावणार. चालेल?"

"माझ्या जमिनीत? मुळीच नाही!"

"बरं. मग तो पट्टा देवहाळ्याला देऊन टाकू?"

"काय? त्याला?" पाटलाचा पटका सुटायला आला. "महाराज, जंगल लावा! आजच लावा! खड्डे मी खणतो!"

"तू खणणार?" देवहाळ्याचा पाटील गर्रकन वळला. "म्हणजे उद्या म्हणशील, जमीन माझी! महाराज, खड्डे आम्ही खणू. पाणीही आम्हीच घालू!"

"तू घाल पाणी! पण एका फांदीला हात लावलास तर बघ! माझी माणसं रात्रंदिवस बसतील तिथं!"

"आणि माझी काय झोपतील?"

"ऐकलंत, महाराज?" येसू म्हणाली. "राखणदारही मिळाले. तेही दोन्ही बाजूंनी!"

राजांच्या ओठांवर हसू आले होते. पण त्र्यंबकपंतांना ते पाहवले नाही. ते पुढे सरसावले. "सरकार, ही बाई फसवतेय! उद्या निकाल लागला, भांडण मिटले, की ज्याचा पट्टा तो कुऱ्हाड घेऊन जाईल. मग जंगल राहील कुठे?"

येसूने पदर सावरला. "निकाल कोणाकडे आहे, पंत?"

"माझ्या कचेरीत."

"मग काळजी कसली? तुमच्या कचेरीतून निकाल बाहेर येईपर्यंत तिथला साग म्हातारा होऊन आपोआप पडेल!"

रणधीरराजे इतके हसले की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला. एकमेकांशी न बोलणारे दोन पाटीलही एका सुरात हसले. पंतांनी नकाशाची गुंडाळी केली, पण राजांनी ती परत उलगडायला लावली आणि टोकवाडीवरचा रंग पंतांना स्वतःच्या हाताने खरवडायला सांगितला. येसूला राणीसाहेबांकडून पैठणी मिळाली आणि राजांकडून पुढच्या शिकारीचे आमंत्रण.

शिवेचा एकही खटला यापुढे निकाली काढू नये, अशी आज्ञा त्याच दिवशी कचेरीला गेली. कचेरीने ती तंतोतंत पाळली. तसा तिला सरावही होता.