शनिवारचा खाडा

एकदा एका माळरानावरच्या विद्यापीठात एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थिनी विहिरींच्या पाण्यावर संशोधन करीत होती. हुशार, कष्टाळू आणि घाईत. घाईत असणे हा काही गुन्हा नव्हे. सोमवारी प्रबंध जमा झाला तरच एका महाविद्यालयातली नोकरी तिच्या पदरात पडणार होती, आणि घरी तिच्या पगाराकडे तीन माणसे डोळे लावून बसली होती.

शुक्रवारी ती सहीसाठी प्रबंध घेऊन गुरूंकडे गेली. त्यांनी ऋणनिर्देशाचे पान उघडले. तिथे लिहिले होते, ‘विहिरीच्या नोंदी ठेवणाऱ्या गेनूतात्यांना दीर्घायुष्य लाभो.’

“तात्या कसे आहेत?” गुरूंनी विचारले.

“बरे असतील, सर.”

गुरूंनी पेनाला टोपण लावले. “‘असतील’ हा शब्द प्रबंधात चालत नाही. उद्या शनिवार. आपण दोघे जाऊन पाहू.”

तिला मनातून चीड आली. साडेतीनशे पानांत एक आकडा चुकलेला नाही, आणि म्हातारा अडून बसला आहे एका शुभेच्छेवर! पण सहीवाचून गत्यंतर नव्हते.

तात्यांच्या गावाशी विद्यापीठाने सामंजस्य करार केला होता. गावाने विद्यार्थ्यांना माहिती द्यावी, राहू-जेवू घालावे. विद्यापीठाने गावाला ज्ञान द्यावे. नारळ फुटला, फोटो निघाले. मोजणीचे काम गेनूतात्यांनी अंगावर घेतले. दर शनिवारी हाताहातावर गाठ मारलेला दोर विहिरीत सोडायचा, आणि कितव्या गाठीला पाणी लागले तो आकडा चावडीच्या भिंतीवर गेरूने लिहायचा. दोन वर्षे ती महिन्याला एकदा येऊन आकडे उतरवून नेई, आणि तात्यांच्या सुनेच्या हातची भाकरी खाऊन जाई. मग आकडे पुरेसे झाले आणि तिचे येणे थांबले. त्यालाही आता दोन वर्षे लोटली होती.

चावडीपाशी पोचताच ती थबकली. भिंत जवळजवळ जोत्यापर्यंत भरली होती. आधी तात्यांचे ठसठशीत आकडे, पुढे तेच आकडे थरथरणारे, आणि अगदी शेवटी निराळ्याच हाताचे, बारीक. तेवढ्यात खांद्यावर दोर टाकून तात्यांची सून आली.

“मामंजी गेले की हो पौषात,” ती म्हणाली. “जाताना म्हनले, बाई येतील. त्या येस्तवर खाडा पाडू नगंस.”

सुनेने शेजारच्या विहिरीत दोर सोडला, गाठी मोजल्या, भिंतीवर तेवीस लिहिले. मग हात पदराला पुसत तिने विचारले, “बाई, एवढी वरसं मोजलं. ह्यातनं निघालं काय?”

विद्यार्थिनीने गुरूंकडे पाहिले. ते भिंतीवरचे आकडे वाचत होते. अखेर तिलाच तोंड उघडावे लागले.

“दर साल उन्हाळ्यातलं पाणी दोन हात खाली चाललंय. पंचविसाव्या गाठीला तळ आहे. या वैशाखात विहीर कोरडी पडेल.”

“हे कधी समजलं तुमाला?”

“दोन वर्षांपूर्वी.”

सुनेने दोराचे वेटोळे केले. “परसाल ह्याच पान्याच्या भरवशावर आख्ख्या आळीनं ऊस लावला, बाई.” ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने ते वेटोळे खांद्याला अडकवले.

तेव्हा गुरू बोलले. “ते प्रकरण मी तेव्हाच वाचले होते. समासात ‘उत्तम’ असा शेराही दिला. गावाला कळवलेस का, एवढे विचारायचे मात्र मला सुचले नाही. या माणसांनी मरणातसुद्धा एक शनिवार चुकवला नाही. खाडे सगळे आपले आहेत; तुझे, आणि तुझ्याआधी माझे. ज्या आकड्यांनी तुला पदवी मिळते, त्या आकड्यांवर आधी यांचा हक्क होता. आपण ते कपाटात ठेवले.” त्यांनी खिशातून पेन काढले. “प्रबंधात चूक नाही. आण, सही करतो.”

सून हलकेच म्हणाली, “सोमवारी ग्रामसभा हाय. समद्यांम्होरं सांगाल का हे?”

विद्यार्थिनीने प्रबंध पिशवीत परत ठेवला. “सोमवारी मी इथेच असेन, सर,” ती म्हणाली.

ग्रामसभेत तिने सगळे सांगितले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा उठून म्हणाला, “आता सांगून काय उपेग, पोरी?” नोकरी दुसऱ्याच्या पदरात पडली. ऊस उभ्याचा वाळला. प्रबंध पुढे यथावकाश जमा झाला. त्यातले दीर्घायुष्य तिने स्वतःच्या हाताने खोडले आणि तात्यांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिले.

त्या उन्हाळ्यात मात्र ती दर शनिवारी गावात गेली. भिंतीवर आता तिसऱ्या हाताचे अक्षर दिसते. प्रत्येक आकड्यापुढे तिने त्याचा अर्थही लिहिला आहे, साऱ्या गावाला वाचता येईल असा ठळक. शेवटच्या आकड्यापुढे लिहिले आहे, ‘पाणी आणखी अकरा दिवस.’

ज्यांच्या दारी आपण शिकलो, तिथे आपले किती खाडे पडले, हे ज्याचे त्यानेच मोजावे.