पोत्याखालचे ब्रेक

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, म्हणून शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी अशी आहे.

फार मागे, घाटमाथ्यावरच्या एका गावात एक सरदार राहत असे. त्याच्याकडे विलायतेहून बोटीने आलेली मोटार होती. गर्द हिरवा रंग, तारेच्या आऱ्यांची चाकं, आणि टप मागे पाडला की डोक्यावर नुसतं आभाळ. तशा गाड्या विलायतेतही थोड्याच बनल्या होत्या.

गाडी देखणी, पण घाटाला कच्ची. चढाला धापा टाकायची आणि उताराला थांबायची नाही. सरदाराच्या मिस्त्रीने सहा वर्षं खपून ती सुधारली. दुसरं जोरकस इंजिन बसवलं. तारेने ओढायचे जुने ब्रेक काढून तेलाचे मोठे ब्रेक घातले. घाटात एका वळणाला कठडा नाही. त्या वळणावर गाडी जागच्या जागी उभी राहिली, तेव्हा मिस्त्री एकटाच हसला होता.

पुढे सरदाराचा शौक ओसरला आणि त्याने गाडी विकायला काढली. राजधानीतून आलेल्या एका पाहुण्याने गाडीभोवती फेरी मारून नाक मुरडलं. "आऱ्यांमधून हे परके ब्रेक दिसतात. अस्सल माल अस्सलच दिसला पाहिजे."

सरदाराने मिस्त्रीला बोलावलं. "जुने ब्रेक परत घाल."

"मग इंजिनही जुनंच घालतो, सरकार. या जोराला ते ब्रेक पुरायचे नाहीत."

"इंजिन झाकणाखाली असतं, ते कोण बघतंय? राहू दे. जोर दाखवायला बरा."

"घाटात माणूस मरेल."

"घाटात जाईल तेव्हा गाडी त्याची असेल," सरदार म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

मिस्त्रीचा राग बोलका नव्हता. पाना जरा जास्त आवळला जायचा, एवढंच. त्या दिवशी त्याने दोन नटांचे आटे घालवले. तरी हुकूम पाळला. तेलाचे ब्रेक कोपऱ्यात ठेवून वर पोतं टाकलं. सरदाराचा राग येत होताच, पण स्वतःच्या हातांचा त्याहून जास्त येत होता.

आठ दिवसांनी खालच्या बंदरावरून एक म्हातारा तांडेल गाडी बघायला आला. जन्मभर गलबत हाकलेला माणूस. बरोबर गुडघे आखडलेली त्याची बायको होती. ती गाडीत बसली आणि वर बघतच राहिली.

"हे जन्मभर आभाळाखाली आणि मी चुलीच्या धुराखाली," ती म्हणाली. "आता माझी पाळी. टप कधी लावायचा नाही."

"आणि पाऊस आला तर?" तांडेलाने विचारलं.

"तर भिजा. दर्यात नव्हता का भिजत?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. सरदाराने डोळे वटारले. मिस्त्रीने तोंड मिटलं.

"घेतली," तांडेल म्हणाला. "आत्ताच घाट उतरतो. आमची एक रीत आहे, सरदारसाहेब. नवं गलबत पहिल्यांदा पाण्यात जातं, तेव्हा बांधणारा सुतार त्यात बसतो. ही गाडी ज्याने घडवली, त्याने आमच्याबरोबर खाली यायचं."

"एवढंच ना? हा मिस्त्री येईल. बस रे मागे."

मिस्त्री हलला नाही. त्याचे कान तापले. सहा वर्षांत त्याने सरकारपुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही, पण शब्द दातांतून आले.

"मी घडवलेली गाडी त्या कोपऱ्यात पोत्याखाली पडलीय, सरकार. ही तुम्ही घडवलीत. तुम्ही बसा."

त्याने जाऊन पोतं ओढलं. मग तांडेलाकडे वळून म्हणाला, "उताराला ही गाडी थांबणार नाही."

तांडेलाने सरदाराकडे पाहिलं. "बसता?"

सरदार म्हणाला, मिस्त्रीचं डोकं फिरलंय. मग म्हणाला, आज माझं अंग मोडून आलंय. मग म्हणाला, मला उन्हाचा त्रास होतो.

"उन्हाचाच त्रास असेल तर लावू की टप," तांडेलीण म्हणाली.

सरदार बसला नाही.

तांडेलीण दाराला धरून खाली उतरली. "मला नुसतं वर बघायचं होतं," ती म्हणाली. "यांनी तर वर पाठवायचीच तयारी ठेवली होती."

मिस्त्रीला त्याच संध्याकाळी हाकललं. पण ही हकिगत गलबतांबरोबर बंदरोबंदरी गेली. पुढे जो कोणी गाडी बघायला येई, तो एकच विचारी, "तुम्ही बसता का?" गाडी दारातच गंजली. टप उंदरांनी खाल्ला. सरदाराजवळ अस्सल पत्रा तेवढा उरला.

हे सगळं नंतरचं. हाकलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री रिकाम्या हातांनी घाट उतरला. कठडा नसलेल्या वळणावर थांबून त्याने बराच वेळ खाली पाहिलं. राग अजून गेला नव्हता. मग तो बंदरावर तांडेलाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "ते जुने ब्रेक माझ्याच हातांनी घातले होते."

तात्पर्य: ज्या गाडीत स्वतः बसायची छाती नाही, ती दुसऱ्याला विकू नये, आणि कोणी सांगितलं म्हणून घडवूही नये.