कलमी दाणा

एकदा एक विधुर गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर शिष्य झाला. गावचं घर कुलूपबंद करून तो शहरात मुलाकडे आला होता. मुलगा ट्रकवर, सदा कर्नाटकच्या फेऱ्यांना. घरात उरली सून. ती तिकडचीच, मराठी तिला येईना. सासऱ्याने आरंभी बोलून पाहिलं. तिला कळेना, तेव्हा तेच मराठी जोराने बोलला. ती भेदरून आत गेली. तेव्हापासून ती ताट झाकून ठेवी आणि हा भिंतीकडे तोंड करून जेवी. दोघांत वैर नव्हतं. वैराला तरी बोलावं लागतं.

दिवस ढकलायचा म्हणून तो एका वृद्ध वस्तादाच्या हाताखाली राहिला. वस्ताद भंगार प्लॅस्टिक वितळवून घमेली करी. तोंडाचा फाटका, हाताचा जाणता.

एके दिवशी पिशव्यांचं प्लॅस्टिक आणि जुन्या जाळ्यांचं नायलॉन एकत्र करून घमेलं काढायचं होतं. शिष्याने काढलं. निवल्यावर त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. त्याने आच वाढवली, आणखी घुसळलं. घमेलं करपलं, वर पापुद्रे सुटायचे ते सुटलेच.

"वस्ताद, या दोघांचं जमायचं नाही. माझंही इथं जमायचं नाही. उद्याच्या गाडीने गावी जातो."

"गावी कोण आहे?"

"कुलूप आहे."

"मग जा. कुलपाशी गप्पा मार. पण आधी इकडे बघ."

वस्तादाने पिशव्यांच्या प्लॅस्टिकचा थोडा स्वच्छ, पांढरा दाणा बाजूला घेतला, त्यात एक पूड कालवली आणि तो वेगळा वितळवला. डोळ्यानाकाला झोंबू लागलं. दाणा पिवळा पडला.

"अहो, चांगला माल नासवलात की!"

म्हाताऱ्याने तो नासका दाणा पिशव्या-नायलॉनच्या मिश्रणात टाकला आणि नवं घमेलं काढलं. निवल्यावर फरशीवर आपटलं, पालथं घालून वर उभा राहिला. एक पापुद्रा सुटला नाही.

"हा कलमी दाणा. जात पिशवीचीच, पण त्या पुडीमुळे याच्या अंगाला हात फुटतात आणि ते नायलॉनला धरतात. बाकीचं अंग आपल्या जातीत राहतं. पिशवीला नायलॉन व्हावं लागत नाही, नायलॉनला पिशवी. फक्त एकाने आपल्यातलं थोडं नासून घ्यायचं. तू नुसती आच वाढवलीस. तूच सांगितलंस, सुनेशीही ओरडूनच बोललास ना, शहाण्या?"

परतताना शिष्य नाक्यावरच्या कानडी चहावाल्यापाशी थांबला. दोन शब्द घोकून घेतले. चहावाला हसला, याने हसू दिलं.

घरी ताट झाकलेलं होतं. त्याने आतल्या खोलीकडे पाहून चाचरत विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का?

मग पडदा सरला.

"इल्ला, मावा."

इल्ला म्हणजे नाही, मावा म्हणजे मामंजी, एवढं त्याला कळलं. त्याने उठून दुसरं ताट मांडलं. ती संकोचत बसली. पुढे बोलायला दोघांनाही येत नव्हतं. आमटी अळणी होती. त्याने मिठाच्या वाटीकडे बोट केलं.

"उप्पु," ती म्हणाली.

"मीठ," तो म्हणाला, हळू आवाजात.