रुमलीची खाली नजर

सातपुड्यातल्या आश्रमशाळेत इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. उत्तीर्ण होणाऱ्यालाच शहरातल्या कॉलेजात जागा मिळणार होती. रुमलीची उत्तरं बिनचूक, पण नजर जमिनीवर. "साहेब, यांच्या पाड्यात मोठ्यांशी असंच बोलतात," ढवळेबाईंनी सांगून पाहिलं.

"इंग्रजी बोलायचं तर डोळ्यांत बघून! नाहीतर नापास!" परीक्षक गुळवणी गरजले.

तेवढ्यात त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. "हो सर, जी सर," म्हणत ते ताडकन उठले आणि फोन संपल्यावरच बसले.

रुमलीने खाली बघतच इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही उभे राहिलात, ते फोनवरच्या साहेबांना दिसलं का?"

हे काही ढवळेबाईंनी शिकवलेलं नव्हतं.

गुळवणींनी पूर्ण गुण लिहिले. नजर मात्र कागदावरून वर उचलली नाही.